हाड जुळेपर्यंत थांबा

पावसाळ्यातल्या रविवारी मळवली, भाजे, गायमुख खिंड, लोहगडवाडी या वाटेवर गाड्यांची रांग लागते. ११ जुलै २०२५ रोजी लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आता ही गर्दी ओसरेल असं वाटत नाही. वाडीतली कुत्री या गर्दीतच वाढतात, बिस्किटाच्या आशेने ट्रेकर्समागे गणेश दरवाजातून थेट गडाच्या विंचूकाटा माचीपर्यंत जाऊन येतात. मोठ्या कुत्र्याला गाडीचा अंदाज असतो. तीन महिन्यांच्या पिल्लाला तो नसतो. मग कधीतरी त्याचा मागचा पाय चाकाखाली येतो.

अशा पिल्लाला उचलायला माणसं धावतात, ही मोठी गोष्ट आहे. नुकसान होतं ते घाईने.

पहिली घाई कामटी बांधण्याची. हाड स्थिर ठेवायचं तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. गुडघ्याखाली ते जमतं. मांडीच्या वरचा सांधा खुब्याचा, तो पट्टीत येत नाही. कामटीचं टोक मोडलेल्या जागीच संपतं आणि तिच्या वजनाने हाड आणखी हलतं. म्हणून मांडी मोडल्यासारखी वाटली तर काहीही बांधू नका. पिल्लाला फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर आडवं ठेवून दवाखान्यात न्या. माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतात, ती देऊ नका. भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायलाही घालू नका. पिल्लाला लघवी झाली होती का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण धडकेत मूत्राशय फुटलेलं असू शकतं. वेदनेपोटी गरीब पिल्लूही चावतं. चावलंच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजची लस घ्या.

मांडीच्या हाडाला बहुधा शस्त्रक्रिया करून सळई किंवा प्लेट घालतात. मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. पिल्लाला अनेकदा चार-सहा आठवडे पुरतात. मात्र याच वयात एक धोका दबा धरून असतो. मांडीचा स्नायू जुळणाऱ्या हाडाला चिकटतो, गुडघा वाकेनासा होतो आणि पाय काठीसारखा ताठ राहतो. तो पुन्हा कामात आणणं फार अवघड. त्यामुळे पिल्लाला पिंजऱ्यात किंवा छोट्या कुंपणात ठेवायचं, उड्या मारू द्यायच्या नाहीत. आणि तरीही डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे रोज काही वेळा त्याचा गुडघा हळुवार वाकवायचा, सरळ करायचा. हाडाला विश्रांती आणि सांध्याला हालचाल, दोन्ही एकाच वेळी सांभाळावं लागतं. माझ्या मते शस्त्रक्रियेइतकंच हे काम मोलाचं आहे, आणि ते करणाऱ्यांची नावं कुठेच छापून येत नाहीत.

वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. हे दिवस एकट्याने पिंजऱ्यात गेले तर पुढे ते माणसांना बिचकतं. म्हणून वेगवेगळ्या माणसांनी त्याला हाताळावं. कुकरची शिट्टी, झाडूची खसखस, स्कूटरचा आवाज त्याच्या कानावर पडू द्यावा. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशीही याच काळात टप्प्याटप्प्याने द्यायच्या असतात.

दुसरी घाई दत्तक देण्याची. ‘चालायला लागलंय, न्या आता.’ पण दुखणं कमी झालं की लंगडणंही कमी होतं. हाड जुळलं की नाही, ते एक्स-रेच सांगतो. फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर अर्धवट जुळलेला पाय घसरला, तर सगळं पहिल्यापासून. पुण्यात बावधनचा रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट २००७ पासून जखमी प्राण्यांवर उपचार करतो आहे आणि बऱ्या झालेल्या पिल्लांना घरंही मिळवून देतो. वाडीतलं मोठं कुत्रं असेल, तर मात्र बरं झाल्यावर त्याला त्याच्या वाडीतच परत सोडणं योग्य. तिथली माणसं, तिथल्या वाटा त्याच्या ओळखीच्या असतात.

लोहगडला जाणार असाल तर भाजे ओलांडल्यावर गाडी हळू चालवा. असं पिल्लू घरी आणायचं ठरवलं असेल तर शेवटचा एक्स-रे बघायला मागा, आणि डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे मागितले तर ते द्या.