अस्तर, पातळ रंग आणि तीन हात

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची, जहाजाची किंवा रणगाड्याची प्रतिकृती उभी राहते. तिच्यात जीव येतो तो रंगाने. त्यासाठी कॉम्प्रेसर आणि रंग फवारणारा एअरब्रश हवाच, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी, खिडकीजवळच्या टेबलावर, दोन ब्रश आणि वाटीभर पाणी एवढ्यावर हे काम उत्तम होते.

या छंदाची सुरुवातही ब्रशनेच झाली. १९३६ साली इंग्लंडमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' नावाने १:७२ प्रमाणातले विमानांचे संच निघाले. १९५२ मध्ये 'एअरफिक्स'ने 'गोल्डन हाइंड' हे जहाज स्वस्तात बाजारात आणले आणि हा छंद घरोघरी पोचला. त्या पिढ्यांनी 'हम्ब्रॉल'च्या इवल्याशा डब्यांतला रंग हातानेच लावला.

१:७२ म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. मिग-२१ या मापात जेमतेम वीस सेंटीमीटरचे होते. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार झालेले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झालेले हे विमान मराठी माणसाने रंगवायला घ्यावे असेच आहे. १९७१च्या युद्धात यातल्या काही विमानांच्या चकचकीत धातूवर हवाई तळांवरच हिरवे पट्टे आणि डाग चढवले गेले होते. असा विषय ब्रशला फार मानवतो.

मापाचे गणित मात्र विसरता येत नाही. प्रतिकृतीवर रंगाचा थर अर्ध्या दशांश मिलिमीटरचा झाला, तर खऱ्या विमानावर तो साडेतीन मिलिमीटरहून जाड ठरला असता. पत्र्याच्या सांध्यांच्या बारीक रेघा अशा थरात बुजून जातात. म्हणून या कामाचा पहिला नियम: रंग पातळ, हात जास्त.

साच्यातून सुटताना प्लास्टिकवर तेलकट अंश राहतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन भाग पूर्ण वाळू द्यावेत. जोड बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावेत. मग प्रायमरचे अस्तर. अस्तराशिवाय लावलेला ॲक्रिलिक रंग नखानेही निघतो.

बाटलीतला रंग थेट प्लास्टिकवर न लावता बशीत घ्यावा आणि दुधाइतका पातळ करावा. पंखासारख्या मोठ्या भागाला चपटा, मऊ केसांचा ब्रश घ्यावा. ब्रश बुडवून त्याचे टोक कागदावर टिपावे आणि ओल्या कडेला लागून एकाच दिशेने ओढत जावे. रंग धरू लागला की तिथे पुन्हा ब्रश न्यायचा नाही. नेला तर वळ उठतात. पहिला हात डागडागांचा, फिका दिसतो. तो तसाच दिसायला हवा. तो वाळल्यावर दुसरा हात आडवा, तिसरा पुन्हा उभा. पिवळा आणि पांढरा झाकायला याहून जास्त हात मागतात. 'टामिया'चे ॲक्रिलिक ब्रशखाली खालचा थर उकलते. नवशिक्याने पाण्यात विरघळणारे 'व्हायेहो'सारखे रंग घ्यावेत. शेवटी चकचकीत वार्निशवर हवाई दलाच्या तिरंगी चक्रांची, पाण्यात भिजवलेली चिकटचित्रे बसवावीत आणि सगळ्यावर मॅट वार्निशचा हात द्यावा.

मराठवाड्याचा उन्हाळा इथे आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की रंग ब्रशवरच वाळतो. त्यावर उपाय म्हणजे पसरट डबीत ओला कपडा, त्यावर बटर पेपर आणि रंग त्या कागदावर. पंखा बंद ठेवून पहाटे किंवा रात्री बसावे.

फुलंब्रीवरून जाणारा रस्ता सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जातो. तिथल्या चित्रकारांनी दगडावर भुसा-तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात फिरवला आणि तो वाळल्यावर रंग भरले. आधी पृष्ठभाग, मग रंग, हा क्रम या भागाने दीड हजार वर्षांपूर्वी पाहिला आहे. पेणच्या गणपती कारखान्यांत आज अंगाच्या रंगाला स्प्रे गन चालते, तरी डोळ्यांची आखणी कारागीर ब्रशनेच करतो. वैमानिकाचा चेहरा आणि कॉकपिटच्या काचेची बारीक चौकट यांनाही तोच स्थिर हात लागतो.

साहित्याचे म्हणाल, तर दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या 'कॅमलिन'चे ब्रश स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. शून्य नंबरचा एक गोल आणि एक चपटा, एवढे सुरुवातीला पुरे. ब्रश दर वेळी धुऊन, टोक बोटांनी जुळवून आडवा ठेवला तर बराच काळ टिकतो.

एअरब्रशने छटा एकमेकींत सहज विरतात, हे खरेच. पण त्याच्यासाठी थांबून राहू नका. घरातल्या मुलाला विमानांचे वेड असेल तर त्याला १:७२ चा एक साधा संच आणून द्या, आणि पहिला हात फिका दिसला म्हणून तिथेच थांबू नको, एवढे त्याला बजावून सांगा.