थंडीच्या रात्री केळीची बाग

डिसेंबर-जानेवारीत गोधडी अंगावर ओढली, की रावेर-यावलकडच्या बाईला पहिली आठवते ती बाग.

केळ मूळची उष्ण, दमट हवेतली. पारा 10 अंशांखाली गेला, की तिची वाढ थांबते. पानं पिवळी पडतात, निसवणारा घड गळ्यातच अडकतो. बाहेर आलेल्या घडाची साल काळपट होते. आतला गर चांगला असला तरी व्यापारी भाव पाडतो. वर्षाची मेहनत चार-सहा रात्रींत जाते.

गारठा बागेत येतो कसा? जमीन दिवसा ऊन पिते आणि रात्री ऊब सोडते. आभाळ निरभ्र असलं, की ती ऊब वर निघून जाते. म्हणून पहाटे सर्वांत जास्त थंडी. शिवाय थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहून सखल जागी साचते. म्हणूनच खालच्या कोपऱ्यातली केळ आधी पिवळी पडते.

हे कळलं, की उपायही कळतात. पहिला उपाय पाण्याचा. पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफ निघताना आपण पाहतो, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. थंडीच्या रात्री हलकं पाणी द्या. ओलसर जमीन ऊबही जास्त धरते. मात्र चिखल करू नका, मुळं कुजतात. आणि रात्री मोटर लावायला एकटीने जाऊ नका. दोघी मिळून, बॅटरी घेऊन जा.

दुसरा उपाय आडोशाचा. वाऱ्याच्या बाजूला शेडनेट किंवा जुन्या साड्या बांधा. घडाला छिद्रं असलेली प्लास्टिकची पिशवी घाला. पिशवी नसेल तर केळीचीच वाळलेली पानं गुंडाळा. हिरवी पानं मात्र कापू नका.

परसातल्या पपई-आंब्याच्या कोवळ्या रोपांवर पऱ्हाट्यांचा खोपा करा. आग्नेयेची बाजू उघडी ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन आत येईल.

एवढं करूनही पानं करपली, तर घाईने झाड तोडू नका. आधी पोंगा बघा. तो हिरवा असेल तर ऊन तापल्यावर झाड पुन्हा पानं काढतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगा, की आपल्या शेतात कोणता कोपरा आधी गारठला. येत्या पावसाळ्यात शेवरीचा आडोसा तिथूनच लावायला घ्या.