भारतपुळेच्या पलीकडे, चांद्याला

संपादकांनी चंद्रपूरच्या चर्चवर लिहायला सांगितलं, तेव्हा मनात होतं ते इंग्रजी अमदानीतलं मिशन. तसं मिशन चांद्यात, म्हणजे जुन्या नावाच्या चंद्रपुरात, होतंच. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकात इथे ठाणं मांडलं. इथे बरीच वर्षं राबलेले अलेक्झांडर वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि अँग्लिकन परंपरेची ही मंडळी त्यात सामावली. पण मला खिळवून ठेवलं दुसऱ्याच एका चर्चने. ते युरोपातून नाही, केरळातून आलं.

सिरो-मलबार चर्च आपली परंपरा इ.स. ५२ मध्ये आलेल्या संत थॉमसपर्यंत नेतं. पोपला मानणारं, पण सिरियाक उपासनेचं. रोमने १९२३ मध्ये त्याला स्वतःची धर्मप्रांतांची रचना दिली, तरी त्याची हद्द १९५५ पर्यंत दोन नद्यांमध्येच अडकलेली होती: उत्तरेला भारतपुळा, दक्षिणेला पंपा. त्यापलीकडे सेवेला जायचं तर लॅटिन रीतीच्या बिशपच्या हाताखाली, आपली उपासनापद्धती सोडून. इतकी जुनी मंडळी आपल्याच देशात आपल्या रीतीने प्रार्थना करत फिरू शकत नव्हती. मला हा उघड अन्याय वाटतो.

१९५५ नंतर ती हद्द सैल झाली, पण खऱ्या अर्थाने फुटली चांद्याला. १९६२ मध्ये नागपूर महाधर्मप्रांतातून हा भाग वेगळा काढून सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. केरळबाहेरचं हे त्यांचं पहिलं स्वतंत्र क्षेत्र. सागर, सतना, उज्जैन १९६८ मध्ये आले, जगदलपूर १९७२ मध्ये. काम हाती घेतलं सीएमआय या केरळातल्या धर्मसंघाने. मन्नानमला १८३१ साली सुरू झालेल्या या संघाचे एक संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा यांनी १८६४ मध्ये प्रत्येक चर्चपाशी शाळा काढायला लावली होती. चांद्याच्या मिशनने शाळांवर भिस्त का ठेवली, ते त्यावरून उमगतं. पहिले प्रमुख जनुआरियस पालत्तुरुत्ती १९६२ पासून १९९० पर्यंत इथे होते. १९७७ मध्ये चांदा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि तेच पहिले बिशप झाले.

संत थॉमस कॅथेड्रल जिल्ह्याच्या मुख्य गावी नाही, बल्लारपूरला आहे. कागद कारखान्याचं आणि रेल्वे जंक्शनचं हे गाव. दक्षिणेकडून येणारी गाडी महाराष्ट्रात शिरली की थोड्याच वेळात बल्लारशा, म्हणजे याच गावाचं स्थानक, येतं. केरळातल्या तरुण धर्मगुरूचा घराशी असलेला धागा या फलाटावरूनच जातो.

पुढचं अवघड. १९६२ मध्येच केरळात त्यांची कुर्बाना, म्हणजे मुख्य उपासना, सिरियाकऐवजी मल्याळममध्ये होऊ लागली. घरी मायबोली मिळाली, आणि इथे मात्र पुन्हा परकी भाषा शिकायची वेळ आली. तीही एक नाही. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याला तेलुगू, भामरागडला माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्यात निर्वासितांची बंगाली, आणि कचेरीची मराठी. चांदा धर्मप्रांतातला आदिलाबादचा तेलुगू भाग १९९९ मध्ये वेगळा धर्मप्रांत झाला, पण सिरोंचा इथेच राहिला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यात मलेरिया, आणि कित्येक वर्षं नक्षलवादी आणि पोलीस यांच्या बंदुकांमध्ये सापडलेली गावं. अशा मुलखात बाहेरून आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं जातं. तिथे दवाखाना किंवा वसतिगृह चालवायला चिकाटी लागते, आणि त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

काळजी वेगळीच आहे. पालत्तुरुत्तींनंतर १९९० मध्ये बिशप म्हणून विजय आनंद नेडुंपुरम आले, २०१४ मध्ये एफ्रेम नरिकुळम. तिघेही मूळचे केरळचे. साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आता माडिया किंवा गोंडी बोलत वाढलेला माणूस त्या आसनावर बसायला हवा. त्याची तयारी या चर्चने आजच, अहेरी-भामरागडच्या शाळकरी पोरांपासून सुरू करावी.