सीलची सोयरीक

कृष्णाकाठच्या आमच्या गावी पाणमांजराला मांजरच समजतात. वास्तविक मांजरापेक्षा दूरच्या समुद्रातील सील त्याला नात्याने जवळचा. घरी हे सांगितले तेव्हा आजी हसली, आणि "कॉलेजात हेच शिकवतात व्हय?" म्हणाली.

कानाची पाळी नसलेल्या सीलांचे एक स्वतंत्र कुल आहे. कानाच्या जागी नुसते छिद्र. मागची पावले पुढे वळत नाहीत, म्हणून ते जमिनीवर पोटाने सरपटतात. येथवर वाद नाही. वाद आहे तो उपकुलांचा. पूर्वी शास्त्रज्ञ पटाशीचे दात मोजीत: दहा दातांचे एक उपकुल, आठांचे दुसरे, सहांचे तिसरे. या तिसऱ्यात हत्तीसील आणि टोपीवाला सील. दोघांच्याही नराचे नाक फुगते. दात जुळले, नाक जुळले; आणखी काय हवे? परंतु १९६६ साली जुडिथ किंग या विदुषींनी दोघांची शरीररचना ताडून दाखविले, की टोपीवाला उत्तरेकडच्या सीलांचा भाऊबंद आहे आणि हत्तीसील दक्षिणेकडच्यांचा. तिसरे उपकुल मोडले. (नुसते आडनाव ऐकून समोरच्याचे गणगोत ठरविणाऱ्या आमच्या मित्रांनी हे जरूर वाचावे!)

हत्तीसीलच्याच उपकुलात मंक सील येतात. त्यांतला कॅरिबियन समुद्रातला सील माणसाने तेलासाठी मारमारून संपविला. १९५२ नंतर तो खात्रीने कोणास दिसलेला नाही. संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांतील डीएनए तपासल्यावर २०१४ साली त्याला व हवाई बेटांच्या सीलला भूमध्य समुद्रातल्या सीलपासून वेगळे काढून नवी प्रजाती दिली गेली. तीत आज जिवंत आहे तो हवाईचाच.