दोन लिटर पाण्याचे बाळ

नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्टाव्हांगर या बंदरात ओस्मुंड लेर्डाल नावाचा खेळण्यांचा कारखानदार राहत असे. १९४० मध्ये त्याने शुभेच्छापत्रे आणि मुलांची पुस्तके काढायला सुरुवात केली. पुढे लाकडी खेळणी आली आणि मग मऊ प्लास्टिकच्या मोटारी व बाहुल्या. एके दिवशी त्याचा दोनेक वर्षांचा मुलगा टोरे पाण्यात बुडाला. बापाने त्याला वर ओढले तेव्हा पोर निपचित पडले होते. बापाने धडपडून त्याच्या श्वासमार्गातले पाणी काढले आणि पोराने पुन्हा श्वास घेतला. काही वर्षांनी डॉक्टर लोक या कारखानदाराच्या दारी आले. तोंडाने श्वास देण्याचा सराव करता येईल अशी माणसाएवढी बाहुली त्यांना हवी होती. त्याला फार समजावून सांगावे लागले नाही. १९६० साली ती बाहुली तयार झाली आणि जगभर गेली.

तिची कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. ही कथा त्या बुडालेल्या पोराने मोठेपणी बनवलेल्या दुसऱ्या, अगदी लहान बाहुलीची आहे. त्याहून अधिक, ती बाहुली हाती येऊनही जे उमगायला वेळ लागला, त्याची आहे.

गर्भातल्या बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. जन्मताच तो द्रव हटून तिथे हवा भरावी लागते. बहुतेक बाळे रडतात आणि काम फत्ते होते. दहांतले एखादे मात्र गप्प राहते. त्याला कोरडे करून पाठ चोळली, गरज पडल्यास तोंड-नाक साफ केले, की बहुधा तेही रडते. तरीही न रडणाऱ्या थोड्यांच्या तोंडा-नाकावर मास्क धरून पिशवी दाबत हवा भरावी लागते. आपल्याकडच्या लेबर रूममध्ये हिलाच अँबू बॅग म्हणतात. साधन स्वस्त आणि कृती सोपी. पण ती पहिल्या मिनिटाच्या आत झाली पाहिजे. जगाच्या गरीब भागांत हे मिनिट ज्यांच्या हाती असते, त्या सुईणी आणि परिचारिका. डॉक्टर पोचेपर्यंत सगळे होऊन गेलेले असते.

२०१० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने या सुईणींसाठी ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम काढला. कोलोरॅडोच्या सुझन नीर्मायर, कॅलगरीच्या नलिनी सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकांतले जडजंबाल छाटून टाकले आणि चित्रांचे तक्ते उरवले. त्यांच्या हाती टोरे लेर्डालने नवी बाहुली दिली. ती घडी घालून पिशवीत मावते. तिच्यात दोन लिटर कोमट पाणी भरले की ती नवजात बाळासारखी जड होते, हातात तशीच लुळी लोंबते. एक फुगा दाबला की नाळेत ठोके लागतात, दुसरा दाबला की ती रडते. मास्क नीट बसला नाही तर छाती वर येत नाही.

मग स्वयंसेवक निघाले. बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, सुईणी, कुणी रजा टाकून तर कुणी पदरमोड करून, बाहुल्यांनी भरलेल्या बॅगा घेऊन आफ्रिकेत आणि आशियात उतरू लागले. दोघींत एक बाहुली, दिवसभर शिकवणी, संध्याकाळी परीक्षा, प्रमाणपत्र आणि सर्वांचा एकत्र फोटो. केनिया आणि पाकिस्तानातल्या पूर्वचाचण्यांत एक खूण दिसली होती. ज्ञान भराभर वाढते, पण मास्क धरून पिशवी दाबण्याची हातोटी एका शिकवणीत बसत नाही. त्या उत्साहात ही खूण मागे पडली असेल तर नवल नाही.

टांझानियाच्या उत्तरेला, उंच पठारावर, हायडम नावाचे गाव आहे. तिथे नॉर्वेच्या लुथेरन मिशनने १९५५ साली उभारलेले रुग्णालय आहे. स्टाव्हांगरच्या भूलतज्ज्ञ हेगे एर्स्डाल आणि हायडमचेच संशोधक एस्टोमी म्दुमा यांनी इथे एक किचकट काम अंगावर घेतले. २००९ च्या अखेरीपासून प्रसूतिकक्षात रात्रंदिवस प्रशिक्षित निरीक्षक उभे राहू लागले. हातात घड्याळ. बाळ बाहेर आले केव्हा, चोळले केव्हा, पिशवी लागली केव्हा, हे सारे सेकंदांत टिपायचे. बाळ जगले की गेले, तेही. स्वयंसेवी कामात असा हिशेब ठेवणारे विरळच. चांगले काम आपण करतो आहोत एवढ्या समाधानावर बहुतेकांचे भागते.

या नोंदींतून एक आकडा वर आला. ज्या बाळाला पिशवीची गरज आहे, त्याला ती लावायला होणाऱ्या प्रत्येक ३० सेकंदांच्या उशिरागणिक धोका १६ टक्क्यांनी वाढतो.

एप्रिल २०१० मध्ये हायडमच्या साऱ्या कर्मचाऱ्यांना एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. बाहुलीवरच्या चाचणीत ३९ जण उतरले होते. श्वास न घेणाऱ्या बाळाचा प्रसंग प्रशिक्षणापूर्वी १८ टक्क्यांना नीट हाताळता आला होता. महिने उलटून गेल्यावर घेतलेल्या परीक्षेत ७४ टक्के उत्तीर्ण झाले. कुठल्याही अहवालाचे शीर्षक व्हावे असा तो निकाल होता. दुसरीकडे कुणी मोजत नसते तर हायडमची कथा इथेच संपली असती.

पण निरीक्षकांच्या वह्या जमेला होत्या. त्या उघडल्या आणि मंडळी हबकली. खऱ्या बाळांच्या बाबतीत काहीच हलले नव्हते. किती बाळांचा घसा साफ केला आणि किती बाळांना पिशवी लावली, हे प्रमाण जिथल्या तिथे. चोळून चेतवण्याचे प्रमाण तर उलट घटले होते. मृत्यूही कमी झाले नव्हते. बाहुली वाचत होती, बाळे नव्हती.

दोष कुणाला द्यायचा? सुईणी आळशी म्हणाव्यात तर त्याच परीक्षेत चमकल्या होत्या. बाहुलीत खोट नव्हती आणि तक्तेही चुकीचे नव्हते. उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नव्हती, प्रसूतिकक्षात उभे राहावे लागत होते. एका सुईणीपुढे पिशवीची गरज असलेले बाळ काही रोज येत नाही. ते येते तेव्हा बहुधा रात्र असते, पलीकडच्या खाटेवर दुसरी बाई कळा देत असते, रक्त वाहत असते आणि हात थरथरत असतो. तबलजीला वर्षातून एकदा दिवसभर बसवून शिकवले आणि मग एकदम मैफलीत आणून बसवले तर काय होईल? बोल त्याला तोंडपाठ असतील. बोटे चालणार नाहीत. उणीव शिकवणीची नव्हती, रियाजाची होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये हायडमने क्रम बदलला. बाहुली कपाटातून काढून प्रसूतिकक्षातच आणून ठेवली. बाहेरचा पाहुणा-शिक्षक नको. इथल्याच कर्मचाऱ्यांतल्या उत्साही माणसांनी पुढाकार घ्यायचा. आठवड्याला तीन ते पाच मिनिटे पुरेत. कामाच्या जागी, कामाच्या कपड्यांत, पाठ चोळायची, मास्क बसवायचा, पिशवी दाबायची, छाती वर येते का पाहायचे. पुन्हा पुढच्या आठवड्यात.

वर्षभराने वह्या पुन्हा मांडल्या गेल्या. आधीच्या वर्षी ४,८९४ बाळे जन्मली होती, नंतरच्या वर्षी ४,८१४. चोळून चेतवलेल्या बाळांचे प्रमाण वाढले होते, घसा साफ केलेल्यांचेही. पुढची ओळ मात्र बुचकळ्यात टाकणारी होती. पिशवीने श्वास दिलेली बाळे ३५७ वरून २८३ वर घसरली होती! ज्या हातोटीसाठी एवढा आटापिटा केला, तिचाच वापर घटला? मग मृत्यूंचा रकाना आला. जन्मानंतरच्या २४ तासांत दगावणारी बाळे हजारी ११.१ होती, ती ७.२ झाली होती.

आणि दोन रकाने एकमेकांशेजारी ठेवताच उलगडा झाला. सरावलेले हात आता पहिल्याच क्षणी चोळत होते, साफ करत होते. त्यामुळे कित्येक बाळे पिशवीची वेळ येण्याआधीच रडत होती. पिशवी दाबण्याचा रियाज करताना सुईणींच्या अंगात मुरली ती घाई. पहिले मिनिट हातचे जाऊ न देण्याची.

ही एकाच रुग्णालयातली, आधी आणि नंतरची तुलना होती. तिच्यावर शंका घेता येते आणि घ्यावीही. २०१३ साली या अभ्यासक्रमावर दोन निबंध लागोपाठ आले. एकात टांझानियाच्या आठ रुग्णालयांत याच अभ्यासक्रमानंतर पहिल्या २४ तासांतले मृत्यू ४७ टक्क्यांनी घटल्याचे होते. दुसरा हायडमच्या फसलेल्या एक दिवसाचा होता. पहिला सुखावणारा, पण माझ्या मते अधिक मोलाचा दुसरा. स्वतःच्या अपयशाचे आकडे छापायला छाती लागते, आणि त्या आकड्यांवाचून पुढची वाट सापडली नसती.

ती वाट आपल्याही अंगणातून गेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांच्या हाती ही पिशवी दिली, तेव्हा हायडमची बाहुली जन्मायची होती. तिथे श्वास कोंडून होणारे नवजातांचे मृत्यू ६५ टक्क्यांनी घटले. पुढे नागपूर, बेळगाव आणि केनियातल्या केंद्रांत प्रशिक्षितांची पाहणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. माहिती डोक्यात टिकते, मास्क आणि पिशवीचे कौशल्य सर्वांत आधी ओसरते आणि उजळणी केली की परत येते.

हायडमच्या मंडळींनी ही पद्धत टांझानिया सरकारच्या साथीने पाच प्रांतांतल्या ३० आरोग्यसंस्थांत नेली. प्रत्येक ठिकाणी तिथल्याच परिचारिका आपल्या सोबतिणींकडून आठवड्याचा सराव करवून घेऊ लागल्या. सुमारे २ लाख ८१ हजार मातांच्या नोंदींवरचा निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या वेळी किंवा नंतर लगेच दगावणारी बाळे हजारी १५.३ होती, ती १२.५ झाली.