चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

वस्तू स्वस्तात मिळाली, पण तिच्यापायी होणारा खर्चच जास्त, असं झालं की मराठीत वरची म्हण वापरतात. जुन्या गाडीला ती अगदी लागू पडते. तुमच्यापैकी काही जण लवकरच १७ वर्षांचे होतील आणि घरात पहिल्या गाडीची चर्चा सुरू होईल. तेव्हा हा हिशोब उपयोगी पडेल.

समजा, तुम्ही लंडनमध्ये राहता आणि दोन गाड्या बघितल्या. पहिली २०१४ची छोटी पेट्रोल गाडी, किंमत ४,२०० पौंड. दुसरी २०१३ची मोठी डिझेल गाडी, फक्त ३,००० पौंड. बाबा म्हणतील, "डिझेल घेऊ, ॲव्हरेज चांगलं देते!" ते खरंच आहे. वर्षाला ६,००० मैल फिरलात आणि पेट्रोल गाडीनं गॅलनला ४५ मैल दिले, तर साधारण ६०६ लिटर लागतील. डिझेलनं ५५ दिले तर ४९६ लिटर. म्हणजे ११० लिटर वाचले. लिटरला १ पौंड ४० पेन्स धरले तर १५४ पौंड. (डिझेल सहसा पेट्रोलपेक्षा महाग असतं, म्हणून खरी बचत त्याहून कमीच.)

आता यूलेझ बघा. ऑगस्ट २०२३पासून हा नियम लंडनच्या सगळ्या भागांत लागू आहे. सप्टेंबर २०१५च्या आधीच्या बहुतेक डिझेल गाड्या त्यात बसत नाहीत आणि रस्त्यावर काढल्या की दिवसाला १२ पौंड ५० पेन्स भरावे लागतात. आठवड्यातून दोनच दिवस गाडी काढली तरी वर्षाला १,३०० पौंड! पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची असली की चालते. शिवाय डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मोटरवेवर बराच वेळ पळवावी लागते. नुसतं घर ते कॉलेज केलं तर तो तुंबतो आणि बदलायला खूप पैसे पडतात.

गाडी भरवशाची आहे का, हे कसं कळणार? गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी करावी लागते, आणि तिचा इतिहास सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो. फक्त गाडीचा नंबर टाकायचा. घरच्या गाडीचा टाकून बघाच, मजा येते. मागच्या वर्षी ७२,००० मैल आणि यंदा ५८,००० दिसले तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. "टायर झिजलेत", "ब्रेक पॅड पातळ झालेत" अशा सूचना वर्षानुवर्षं तशाच असतील तर मालकानं गाडीवर खर्चच केलेला नाही, असं मी तरी समजेन. पण एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था तपासत नाहीत. त्यासाठी सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला, हे मुद्दाम विचारा. तो तुटला तर अख्खं इंजिन निकामी होऊ शकतं.

नवशिक्यांना सगळ्यात जड जातो तो विमा. गाड्यांचे १ ते ५० असे विम्याचे गट आहेत. आकडा जितका लहान तितका विमा सहसा स्वस्त. म्हणून गाडी घेण्याआधीच विम्याचा भाव काढा. आणि "आईच्या नावावर विमा घेऊ, चालवशील तूच" असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. मुख्य चालक कोण हे खोटं सांगणं म्हणजे फसवणूक. अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते.

गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. थंड इंजिन सुरू होताना त्याचे दोष चटकन कळतात. बॉनेट गरम लागलं तर विकणाऱ्याला विचारा, "आम्ही यायच्या आधी गाडी का सुरू केली होती?"