त्या रडण्याचा अर्थ

तान्हे मूल रडू लागले, की घरातली वडीलधारी म्हणते, "भूक लागली असेल, नाहीतर पोट दुखत असेल." पण अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या इस्पितळात काही नवजात बालके कर्कश रडत, थरथरत, एकसारखी शिंकत, दुधानेही शांत होत नसत. त्यांच्या आया हेरॉइनच्या आहारी गेलेल्या होत्या. नाळ तुटली, की पोटात असताना सवय झालेले ते द्रव्य एकाएकी बंद होई.

बालरोगतज्ज्ञ डॉ. लोरेटा फिनेगन यांनी अशा लक्षणांना गुण देणारा तक्ता तयार केला. तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध केव्हा द्यावे, केव्हा कमी करावे, हे त्यावरून ठरू लागले. पण केवळ बाळावर उपचार करून त्या थांबल्या नाहीत. गरोदरपणातच आईलाही उपचार आणि आधार मिळावा, यासाठी त्या झटल्या.

वाचकहो, आईचा हात थरथरत असेल, तर पाळणा स्थिर कसा राहील?